उसवलेलं नाव

४ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखून पाकीट तसंच ठेवून दिलं असशील तर हे सगळं लिहिणं पाण्यात. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आधी उघडशील, वाचशील आणि मग रागावशील. सव्वीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं वाटून दचकू नकोस. चार वर्षांपूर्वी हे गेले ते मामेबहिणीने तुला कळवलं होतं. तुझा पत्ताही तिनेच दिला. फोन नंबरही दिला होता, पण तू 'हॅलो' म्हणालीस की मी ठेवून देईन हे मला माहीत होतं. या वेळी कुणी गेलेलं नाही, आलेलं आहे. मुंगीला मुलगी झाली. आज अकरा दिवसांची आहे.

मुंगी कोण हे तुला सांगायला हवं. तू दिलीस तेव्हा पोरगी अडीच किलोचीसुद्धा नव्हती. ह्यांनी तिला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि म्हणाले, ही तर मुंगीच की. ते चिकटलं ते चिकटलं. मी ठेवलेलं नाव कागदावर आहे, पण ते शाळेत आणि बँकेतच चाललं. आणि पुढचं नीट कळावं म्हणून हेही लिहून टाकते: तिला जन्म तू दिलास हे तिला माहीत नाही. आपल्याला एक मावशी आहे आणि तिच्याशी बोलणं नाही, एवढंच ती जाणते.

बाळंतपणाला ती माझ्याकडे आहे आणि घरात नावावरून रोज खल चालू आहे. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस शांत, पण नावाच्या बाबतीत त्याचं डोकं फिरलं आहे. फोनमध्ये चौऱ्याऐंशी नावांची यादी केली आहे. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढतो आणि त्यांना पाणी विचारायच्या आधी तुमच्या मुलीचं नाव काय म्हणून विचारतो. विहीणबाईंना त्यांच्या आईचं नाव हवं आहे. मुंगीला यातलं एकही पसंत नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मागच्या गुरुवारी ती पेटीत दुपटी शोधत होती. तळाशी तिला तिचं स्वतःचं दुपटं सापडलं. तेच, निळ्या काठाचं, जाड सुती. तुला मुलगी झाली, तू पहिल्याच दिवशी तिचं नाव ठरवून मला कळवलंस, तेव्हा मी कोपऱ्यात लाल दोऱ्याने ते नाव घालून तुला पाठवलं होतं. ती माझ्याकडे येणार आहे हे तेव्हा तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही. तीन आठवड्यांनी तेच दुपटं तिला गुंडाळून परत आलं.

मी अजूनही लॉन्ड्रीत कपड्यांवर नावं घालते. लॉन्ड्रीच्या वरच राहते, त्यामुळे म्हणावं तसं सुटत नाही. इस्पितळाच्या चादरी, वसतिगृहातल्या मुलींचे कपडे, हॉटेलचे नॅपकिन. गिऱ्हाईक बदललं की जुनं नाव उसवायचं, नवं घालायचं, धड कापड टाकायचं नाही. हे हातात इतकं भिनलं आहे की त्या वेळीही मी तेच केलं. तू ठेवलेलं नाव उसवलं आणि समोरच्या कोपऱ्यात मी ठेवलेलं घातलं. दुसरी कुणी असती तर तिने ते दुपटं जाळलं असतं. मी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं. घट्ट विणीच्या कापडात सुईची भोकं बुजत नाहीत, आणि तो दोरा हलका होता, पहिल्या धुण्यात त्याने जरा रंग सोडला होता. मुंगी लॉन्ड्रीत वाढलेली. उसवलेली खूण कशी वाचायची हे तिला मीच शिकवलं आहे. तिने कोपरा खिडकीपुढे धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

सव्वीस वर्षांनी ते नाव माझ्या घरात उच्चारलं गेलं, तेही तिच्या तोंडून. हे कोणाचं गं, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, कुणा गिऱ्हाइकाचं असेल. दुपटं लॉन्ड्रीत पडून होतं, कुणी न्यायला आलं नाही, म्हणून तुला घेतलं.

झालं. तिने त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, मला हेच आवडलं, बाळाला हेच ठेवू. कुणाचंच नाही म्हटल्यावर कुणाला रुसायलाही जागा नाही. हे मेलेल्या मुलीचं नाव आहे असं जरी मी म्हटलं असतं तरी तिने ते तिथेच टाकलं असतं. मी ते बेवारशी ठरवलं आणि तिने उचललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता मी काय करू? ती स्वतःचंच नाव नकळत लेकीला देते आहे. देऊ द्यावं की नाही मला कळत नाही. सकाळी वाटतं द्यावं, दुपारी वाटतं हे भलतंच होतंय. नाव तू ठेवलेलं, म्हणून तुला विचारते. हो म्हणालीस तर मी तोंड बंद ठेवते. नको म्हणालीस तर काहीतरी कारण काढून मोडता घालते. जन्माच्या दाखल्यावर नाव घालायची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे.

तुझी ताई

ता. क. बाळाचं नाक कुणाच्या वळणावर गेलं आहे ते लिहिणार नव्हते. तुझ्या गेलं आहे.

९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. पाच दिवसांत येणारही नाही हे मला समजतं, तरी पोस्टमनच्या वेळेला मी जिन्यात उभी राहते. तो मला विचारतो, नोकरीचा कॉल यायचाय का मावशी?

इथे गोष्टी माझ्या हाताबाहेर चालल्या आहेत. जावयाने चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी नावं फोनमधून पुसली. विहीणबाई नाक मुरडतील अशी मला आशा होती. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, छान आहे हो, हाक मारायला सोपं. माझा शेवटचा आधार होता, तोही गेला. आता सकाळपासून घरात त्याच नावाचा गजर. खालचा इस्त्रीवाला जिन्यातून ओरडून विचारतो, उठली का, आणि पुढे ते नाव. प्रत्येक वेळी माझी हातातली सुई थांबते. आनंद म्हणावा तर तसं नाही, आणि दुःख म्हणावं तर ते ऐकायला मी बसल्या जागी कान देऊन असते.

मी मात्र बाळाला नुसतं 'ए' म्हणते. परवा मुंगीने विचारलंच, आई, तू तिला नावाने हाक का मारत नाहीस? मी म्हटलं, दाखला हातात येऊ दे, मग मारीन. ती माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. मी उठून नळ बंद आहे का ते बघायला गेले. तो बंदच होता.

कधी वाटतं, चांगलं झालं, जे मी घराबाहेर घालवलं ते आपल्या पायाने परत आलं. कधी वाटतं, ही दुसरी चोरी. पहिल्यांदा मी एका पोरीचं नाव काढून घेतलं, आता तेच दुसरीला चढवायला निघाले आहे आणि पहिलीला पत्ताच नाही. हे कुणाला विचारायचं? खालच्या इस्त्रीवाल्याला?

तुला ते नाव कुठून सुचलं होतं हे मी कधी विचारलं नाही. मुंगी विचारते, कोण असेल गं ती, कुणी ठेवलं असेल एवढं चांगलं नाव? मी म्हणते, मला काय माहीत. ते मात्र खरं आहे. तुझ्याबद्दल मला फारसं काहीच माहीत नाही.

तुझं येणं बंद झालं ते ह्यांच्यामुळे, हे तू समजून असशील. मुलीच्या मनात गोंधळ नको असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यापुढे माझं काय चालणार होतं? जे झालं ते झालं. तू फक्त हो की नाही ते कळव.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्रातलं ह्यांच्याबद्दलचं सगळं खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं आणि हात पुन्हा आत घालता येईना. गेलेल्या माणसावर ढकललं की तो उलट बोलत नाही, म्हणून ढकललं. तुला तर खरं काय ते माहीतच आहे, तू समोर होतीस. मग मी थाप कुणाला मारत होते?

तू आलीस तेव्हा मुंगी तेरा महिन्यांची होती. मुलांना शेजारी ठेवून एकटी आली होतीस. तुला आणायला स्टँडवर हे गेले होते आणि चहाचं पाणीही त्यांनीच टाकलं होतं. तू अजून उंबऱ्याबाहेरच होतीस. पोरगी कपड्यांच्या टोपलीपाशी बसली होती. तू तिला त्या नावाने हाक मारलीस. मोठ्याने नाही, आपसूक तोंडातून निघावी तशी. ती वळली, हसली आणि रांगत तुझ्याकडे निघाली.

त्या वयात ती कुणाकडेही बघून हसायची. पोस्टमनला हसायची, इस्त्रीच्या वाफेला हसायची. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, हिला ते नाव आठवतंय, ही चालली. मी तिला उचललं आणि म्हटलं, "ती या घरात त्या नावाची नाही. ते नाव घेऊन पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." पदर सारखा केलास आणि जिना उतरलीस. हे तुझ्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले आणि एकटेच परत आले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे दरवर्षी म्हणायचे, तिला लिही. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

मी घाबरले होते, धाकटे. त्याआधी बारा वर्षं मी लोकांच्या मुलांच्या कपड्यांवर नावं घातली होती. झबली, टोपरी, शाळेचे सदरे. कुणी विचारलं की हसून सांगायचे, आमचं होईल तेव्हा सोन्याच्या दोऱ्याने घालीन. आणि तुझा गवंडी नवरा परांचीवरून पडून अंथरुणाला खिळला, पदरात आधीच दोन मुलगे, त्यात ही तिसरी. आई मध्ये पडली, तुला म्हणाली एक ताईला दे. मी तुझा भार हलका केला असंच सगळ्यांना सांगत आले. भार कसला? तू दिलंस म्हणून माझं घर भरलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. दुपटं परत आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन बसले, तेव्हाही मनात तू नव्हतीस, फक्त ते नाव होतं. ते असेपर्यंत ती माझी होणार नाही असं वाटत होतं.

आता पोस्टात टाकते. उद्यावर ठेवलं तर फाडीन.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड. पाकीट घ्यायचेही कष्ट घेतले नाहीस. मी तीन पत्रं लिहिली आणि तू एक ओळ. 'मला काय विचारतेस, जिचं आहे तिला विचार.' वर प्रिय नाही, खाली सही नाही. पोस्टमनने ते इस्त्रीवाल्याकडे दिलं, त्याने वाचलं आणि वर येऊन मला म्हणाला, वहिनी, काही हरवलंय का कुणाचं? मी म्हटलं, हो, अक्कल.

दोन दिवस मी त्या ओळीवर चिडले आहे. हे तू माझं तिसरं पत्र वाचून लिहिलंस की आधीच? आधी लिहिलं असशील तर तुझा राग गेलेला नाही, आणि नंतर लिहिलं असशील तर गेला आहे असं म्हणायचं का? तुझं अक्षर बारीक झालंय. डोळे तपासून घे.

आणि 'जिचं आहे' म्हणजे कोण, असा वेड्याचा आव मी थोडा वेळ आणून पाहिला. बाळाला मांडीवर घेतलं आणि तिलाच विचारलं, काय गं, तुला हवंय का ते नाव? तिने जांभई दिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड तुला माहीत आहे. तू कुणाबद्दल म्हणते आहेस हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं.

पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं याचा विचार केला आहेस? नावापुरतं सांगून थांबता येत नाही. एक टाका ओढला की सगळी शिवण येते. ती सत्तावीस वर्षांची आहे, तिला स्वतःचं मूल झालं आहे, आणि मी तिला सांगायचं की मी तुला जन्म दिलेला नाही, जिने दिला तिला मी दारातून घालवलं. त्यानंतर ती मला आई म्हणेल का? तुला हे विचारणं बरं नाही हे मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला विचारू? ही भीती काय असते हे माझ्यानंतर तुलाच ठाऊक असणार.

मुदतीला अकरा दिवस आहेत. गप्प राहिले तर अकरा दिवसांनी सगळं आपोआप मिटेल. असं मिटलेलं मला चालेल का, हे मला समजत नाही. पूर्वी चाललं असतं.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

सांगितलं. आज दुपारी.

ती पलंगावर बाळाचे कपडे घड्या करत होती. बाळ झोपलं होतं. मी सकाळपासून चारदा खोलीत जाऊन उगाच काहीतरी घेऊन बाहेर आले होते. पाचव्यांदा बसले आणि म्हटलं, ते दुपटं गिऱ्हाइकाचं नव्हतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

वाटलं, कुणीतरी हिला आधीच सगळं सांगितलंय. पण तसं नव्हतं.

"टाके तुझे आहेत, आई. घरच्या कपड्यांवर शेवटच्या अक्षराला तू एक टाका जास्त घालतेस, गिऱ्हाइकाच्या नाही. मला तुझा हात ओळखू येणार नाही का?"

मग गप्प का राहिलीस, मी विचारलं. ती खाली बघून बोलत होती. म्हणाली, "मला वाटलं, माझ्याआधी तुझं एक बाळ गेलं असणार. तू कधी बोलली नाहीस, बाबाही बोलले नाहीत. म्हटलं, ते नाव परत घरात आलं तर तुला बरं वाटेल. म्हणून तर ठेवायचं ठरवलं. आणि तू तर ते तोंडातूनच काढेनास."

मी तुला लिहिलं होतं ना, मेलेल्या मुलीचं म्हटलं असतं तर तिने टाकून दिलं असतं? माझी लेक मला एवढीच कळली. मेलेल्या मुलीचं समजूनच तिने ते उचललं होतं, माझ्यासाठी. आणि आता मला फक्त मान हलवायची होती. हो गं, गेलं एक बाळ, म्हणून डोळ्यांना पदर लावला असता की संपलं. नाव राहिलं असतं, लेक राहिली असती, वर तिने मला जवळही घेतलं असतं. तुझ्यापासून काय लपवू, मी अर्धी मान हलवलीसुद्धा.

मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "कुणी गेलेलं नाही. ते नाव तुझं आहे. बावीस दिवस तू त्या नावाची होतीस."

पुढचं सगळं एका दमात सांगितलं. तू, तुझा गवंडी, दुपटं, कात्री, आणि दारात काय बोलले तेही. ते वगळणार होते, पण वगळलं नाही. तिने ऐकताना एकच झबलं तीनदा उलगडलं आणि तीनदा घडी केली. रडली नाही. मीच रडत होते, आणि आपण रडतोय याची मला लाज वाटत होती. तिने दोनच गोष्टी विचारल्या. ती कुठे असते? आणि, मी तिला हवी होते का? पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला मी हो म्हटलं. तुझ्या वतीने बोलायचा मला काय अधिकार, पण म्हटलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे बाळाला ते नाही देता यायचं. ते माझं आहे."

तिने जावयाला फोन केला. पाच वाजता तो कामाच्या कपड्यांतच आला, हाताला ग्रीस तसंच. बिचाऱ्याला काही कळेना. पिशवी उचलून मला हळूच विचारलं, नावावरून काही बोलाचाली झाली का? मी म्हटलं, हो, नावावरूनच. मुंगी बाळाला घेऊन दारापर्यंत गेली. ही मुलगी दुकानात जातानाही 'येते' म्हणून जाणारी. आज म्हणाली, "जाते."

ती गेल्यावर मी खाली जाऊन काम मागून घेतलं. वसतिगृहाचे चाळीस टॉवेल होते. नऊ केले. दहाव्याला दुसरंच कुणाचं तरी नाव घालून ठेवलं आणि उसवत बसले.

मी बरोबर केलं की नाही ते तू सांगू नकोस. मला ते आत्ता ऐकवणार नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकटे,

चार दिवस मी फोनकडे बघत बसले. काल सकाळी न कळवता ती आली. बाळाचं वजन करायला या बाजूला आले होते म्हणाली. वजनाची जागा तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि माझ्याकडे यायला दोन बस बदलाव्या लागतात. बाळाला घेतलं. वजन वाढलंय, हाताला लागतं.

पर्स खाली ठेवून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "मला एकदा त्या नावाने हाक मार."

मला जमेना. मी स्वयंपाकघरात गेले, भांडं विसळलं, परत आले. ती तिथेच उभी होती. मग मी मारली. आवाज माझा वाटला नाही. ती "ओ" म्हणाली. नंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, जिन्यात अनोळखी माणूस समोर आल्यावर कुणी आधी सरकायचं हे कळू नये तशा. ती म्हणाली, "विचित्र वाटतंय. दुसरीच कुणीतरी येईल असं वाटलं." मी म्हटलं, मलाही. "तू मला मुंगीच म्हण," ती म्हणाली, "पण ते माझं आहे. माझं माझ्यापाशी असू दे."

चहा झाल्यावर मला जे विचारायचं होतं ते तिनेच काढलं. म्हणाली, तू माझी आई आहेसच, त्यात ठरवायचं काही नाही. पण मला तुझा राग आला आहे आणि तो किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, राहू दे, पण राग घेऊन इथे येत जा. तिने बाळाला टोपरं घातलं. जाताना काय म्हणते याकडे माझे कान लागले होते. "येते" म्हणाली. एवढ्याने मला जो धीर आला तो तुला सांगायला मला शब्द नाहीत.

आता तुझ्याकडचं काम. दाखल्याच्या खिडकीवर जाऊन तिने अर्ज दिला आहे आणि पंधरा मार्चपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे. बाळाचं नाव तू ठेवायचंस असं तिचं म्हणणं आहे. जावयालाही तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, ज्यांनी ते पहिलं ठेवलं त्यांना चांगलं ठेवता येतं हे दिसतंच आहे. विहीणबाईंना अजून कळलेलं नाही. त्यांचं त्या दोघांनी बघावं.

मला हे आवडलं असं मी लिहिणार नाही. टोचलं. मी तिला म्हटलं, आजी मी आहे, मलाही एक सुचलं आहे. तर म्हणते, "तुझा नंबर होऊन गेला, आई. मावशीचा तेव्हा हुकला होता." असं तोंड आहे तिचं. तुझ्यावर गेली की माझ्यावर, तूच बघ.

तू नाही म्हणशील का, हे मला कळत नाही. तुझ्या एका ओळीच्या कार्डावरून माणसाने काय अंदाज बांधायचा? सत्तावीस वर्षांनी मुलीने पहिल्यांदा काही मागितलं आहे आणि ते माझ्या हातून मागते आहे, म्हणून तुला संताप आला तर तो मला कळेल. पण तो माझ्यावर काढ. तिला नाही म्हणू नकोस. तू जे ठेवशील ते राहील. मला पसंत पडो न पडो, मी बाळाला त्याच नावाने हाक मारीन.

फक्त एक कर. नाव पत्रात लिहून पाठवू नकोस. स्वतः ये आणि मुंगीला तोंडाने सांग. इथे आलेलं पत्र आधी माझ्या हातात पडतं, आणि माझा मलाच भरवसा नाही.

तुझी
ताई